जुन्या घरातल्या अडनिड्या मापाच्या दारांसाठी परवडणारे पल्ले कसे मिळवायचे

आमच्या जुन्या घरात आतली दारं सात, आणि त्यांची मापं पाच. दोन पल्ले खालून कुजले होते, एकाला पीळ पडला होता, दोन लागतच नव्हते आणि उरलेले दोन कुणीतरी कधीच काढून टाकले होते. मी कागदाच्या चिठोऱ्यावर मापं लिहून दुकानांत विचारत फिरलो आणि सगळीकडे एकच उत्तर मिळालं: "हे माप तयार येत नाही, बनवून घ्यावं लागेल." सातही दारं बनवून घेण्याचा खर्च ऐकून काम कित्येक महिने तसंच पडून राहिलं.

शेवटी सातांपैकी दोन दारं दुरुस्त झाली, तीन जुन्या पल्ल्यांतून कापून बसवली, एक नवं तयार दार कापून घेतलं आणि फक्त एकच बनवून घ्यावं लागलं. मधल्या काळात एक नवा पल्ला मी चुकीचा कापला. ती चूक तुमच्याकडून होऊ नये आणि "बनवून घ्या" हे पहिलं उत्तर तुम्ही शेवटचं मानू नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

मापं अशी विचित्र का असतात, ते आधी समजून घ्या, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. जुन्या घरात सुतार आधी चौकट भिंतीत बसवत असे आणि मग त्या चौकटीत रंधा मारत मारत पल्ला उतरवत असे. म्हणजे पल्ला त्या एका चौकटीसाठीच घडलेला असतो. त्यात मापं फूट-इंचात. साडेसहा फूट म्हणजे १९८१ मिमी, सहा फूट आठ इंच म्हणजे २०३२ मिमी, आणि आजचे बरेच कारखाने २००० किंवा २१०० मिमी अशा गोल आकड्यांत दारं काढतात. वर गेल्या काही दशकांत भिंती थोड्या बसतात, चौकटी कलतात, आणि जुन्या फरशीवरच नवी फरशी घातली जाते, म्हणजे दाराची उंची दोन-तीन सेंटीमीटरने कमी होते. इतकं सगळं झाल्यावर त्या चौकटीत तंतोतंत बसणारं दार कुठल्याच दुकानात असणार नाही. म्हणून मापाचं दार शोधण्यात दिवस घालवू नका. मापाला आणता येईल असं दार शोधा.

१. आधी जुनं दार नीट तपासा

बदलायचं ठरवण्याआधी प्रत्येक दाराला अर्धा तास द्या. घासणारं, न लागणारं किंवा कुरकुरणारं दार बऱ्याचदा खराब झालेलं नसतंच. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की पल्ला पुढच्या बाजूला खाली झुकतो आणि फरशीला घासतो. स्क्रू काढा, भोकांत गोंद लावलेल्या लाकडाच्या बारीक काड्या ठोका, वाळू द्या आणि लांब स्क्रू लावा. आमची जी दोन दारं लागत नव्हती, त्यांतलं एक एवढ्यावर सुटलं.

खालची कड कुजली असेल तर कुजलेला भाग कापून त्या जागी त्याच जाडीची लाकडी पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडता येते. सांधे हलत असतील तर ते उघडून पुन्हा गोंद लावून क्लॅम्पमध्ये रात्रभर आवळता येतात. मात्र पल्ल्याला मोठा पीळ पडला असेल किंवा वाळवीने आतून पोखरलं असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

घरातल्या घरात अदलाबदलही करून पाहा. मोठ्या दाराचा चांगला पल्ला कापून लहान चौकटीत बसतो का, ते आधी बघा. तसं जमलं तर मोठ्या चौकटीसाठी तयार दार मिळणं सोपं जातं.

२. जुना पल्ला मापू नका, चौकट मापा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. जुना पल्ला वर्षानुवर्षं रंधून, घासून, रंगाचे थर चढून बदललेला असतो. त्याचं माप घेऊन दार आणलंत तर जुन्या फटी नव्या दारालाही येतात.

माप चौकटीच्या आतल्या खाचेत घ्यायचं. पल्ला ज्या खाचेत बसतो तिला सुतार पताम म्हणतात. नुसती उघडी जागा मापली तर खाचेची रुंदी धरली जात नाही आणि पल्ला दोन्ही बाजूंनी कमी पडतो. माप मिलिमीटरमध्येच लिहा.

रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग दोन्ही कर्ण मापा, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत आणि त्याच्या उलट. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. आमच्या एका चौकटीचे कर्ण १४ मिमीने वेगळे आले. हा आकडा किरकोळ वाटतो, पण साधारण ७६० रुंद आणि १९८० उंच चौकटीचे उभे खांब कलले असतील, तर कर्णांतला १४ मिमी फरक म्हणजे चौकटीचा माथा जवळजवळ २० मिमी एका बाजूला सरकलेला असतो. अशा जागी सरळ चौकोनी पल्ला बसवला की पाचरीच्या आकाराची फट राहते, आणि ती आयुष्यभर डोळ्यांत सलते.

ओळंबा किंवा पाणसळ लावून दोन्ही उभे खांब सरळ आहेत का ते पाहा. बिजागरीच्या बाजूचा खांब पुढे-मागे कललेला असेल तर दार आपोआप उघडेल किंवा आपोआप मिटेल, आणि हा दोष नव्या पल्ल्याने जात नाही.

फरशीकडे बहुतेकजण लक्षच देत नाहीत. दार उघडताना ज्या कमानीत फिरतं, त्या सगळ्या कमानीवर फरशीची पातळी तपासा. एक सरळ लाकडी पट्टी घ्या, तिचं एक टोक चौकटीखाली फरशीवर टेकवा, पाणसळ ठेवून पट्टी समपातळीत धरा आणि दार जिथपर्यंत उघडतं तिथपर्यंत फिरवा. आमच्या मागच्या खोलीत फरशी भिंतीकडे ९ मिमी चढत गेली होती. चौकटीपाशी छान मोकळं असलेलं दार अर्ध्यात येऊन अडकलं असतं. अशा ठिकाणी खालची फट जास्त ठेवावी लागते किंवा दार उघडताना ते किंचित वर उचलणाऱ्या चढत्या बिजागऱ्या लावाव्या लागतात.

शेवटी खाचेची खोली मापा, कारण पल्ल्याची जाडी त्यावर ठरते. घराच्या आतले बहुतेक तयार पल्ले ३५ ते ४४ मिमी जाड असतात. जुन्या चौकटीची खाच कधी कधी ३० मिमीच असते, मग नवा पल्ला चौकटीच्या बाहेर डोकावतो. खाच लाकडातच कोरलेली आहे की वरून पट्टी ठोकून केलेली आहे ते पाहा. ठोकलेली पट्टी असेल तर ती काढून थोडी मागे सरकवली की काम झालं.

३. प्रत्येक दाराचं मापपत्रक करा

चिठोऱ्यावर लिहिलेले आकडे दुकानात गेल्यावर कळेनासे होतात. प्रत्येक दाराला एक कागद द्या आणि त्यावर एवढं लिहा:

- तीन रुंद्या, तीन उंच्या, दोन कर्ण, खाचेची खोली
- दार कोणत्या खोलीत उघडतं आणि त्या खोलीतून पाहिल्यावर बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे (साधं रेखाचित्र काढा, शब्दांवर विसंबू नका)
- जुन्या बिजागऱ्यांच्या खाचा वरून किती अंतरावर आहेत, त्यांची लांबी किती
- कडी किंवा कुलपाची उंची
- ओलाव्याची जागा आहे का
- चौकटीचा फोटो

मग कागदाच्या तळाशी दोन आकडे ठळक लिहा. पहिला, कापून बसवायच्या पल्ल्याचं किमान माप. त्यासाठी तीन मापांतलं सर्वांत मोठं घ्या. दुसरा, सरळ चौकोनी पल्ल्याचं माप. त्यासाठी सर्वांत लहान माप घ्या आणि त्यातून फटी वजा करा: दोन्ही बाजूंना आणि वर प्रत्येकी ३ मिमी, खाली साधारण ८ मिमी.

उदाहरणाने सांगतो. रुंदी ७४१, ७३८ आणि ७४४ आली, उंची १९६२, १९५८ आणि १९५१ आली. कापून घ्यायचा पल्ला निदान ७४४ × १९६२ मिमीचा हवा. सरळ चौकोनी पल्ला बनवून घ्यायचा तर तो ७३२ × १९४० मिमीचा. पण मग डाव्या-उजव्या उंचीतला ११ मिमीचा फरक वर किंवा खाली फट म्हणून दिसणार. तो सहन होणार नसेल तर कापून घ्यायच्या मार्गानेच जा.

मापं इंचातही काढून ठेवा. जुन्या दारांचे व्यवहार बऱ्याचदा इंचातच होतात, आणि तिथल्या तिथे हिशेब करताना चूक होते.

४. कोणतं दार किती कापता येतं ते जाणून घ्या

माझी चूक इथेच झाली. नवा, पांढरा, हलका तयार पल्ला होता. उंची ४५ मिमीने जास्त होती, म्हणून खालून तेवढा कापला. कापलेला तुकडा खाली पडला आणि पल्ल्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी दिसली. दोन पातळ लाकडी थर आणि मध्ये पोकळी. खालची लाकडी पट्टी मी अख्खीच कापून टाकली होती.

पोकळ पल्ल्याला चारही कडांना लाकडाची अरुंद पट्टी असते आणि सगळी ताकद तिच्यात असते. ती किती रुंद आहे हे उत्पादकाच्या पत्रकात दिलेलं असतं, आणि बऱ्याच पोकळ दारांना प्रत्येक बाजूने काही मिलिमीटरच कापायची मुभा असते. पत्रक मागितल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. शिवाय कुलूप बसवायला आत एका बाजूलाच लाकडाचा ठोकळा असतो. तो कुठे आहे ते पल्ल्याच्या कडेवर खूण करून दाखवलेलं असतं. ती खूण बिजागरीकडे गेली तर कुलपाचे स्क्रू पुठ्ठ्यात जातात.

माझ्यासारखी पट्टी कापली गेलीच तर उपाय आहे. कापलेल्या तुकड्यातली लाकडी पट्टी वेगळी करा, तिच्यावरचे पातळ लाकडी थर पटाशीने सोलून काढा, पल्ल्याच्या पोकळीतली जाळी थोडी आत ढकला, पट्टीला गोंद लावून पुन्हा आत सरकवा आणि क्लॅम्प लावून ठेवा. माझं दार असंच वाचलं.

भरीव फ्लश दार, म्हणजे आत सलग लाकूड किंवा बोर्ड असलेलं, सगळ्यात मोकळेपणी कापता येतं. मात्र कापलेल्या कडेला लाकडी कडपट्टी लावावी लागते, नाहीतर आतला बोर्ड ओलावा शोषून फुगतो.

पॅनेलचं दार, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या मध्ये पातळ फळ्या बसवलेलं, दोन्ही बाजूंनी सारखंच कापायचं. एकाच बाजूने ३० मिमी काढले तर उभ्या पट्ट्या असमान होतात आणि दार तिरकं वाटतं. उंची कमी करायची असेल तर खालची आडवी पट्टी सर्वांत रुंद असते, म्हणून तिच्यातून काढा. जुन्या दारांत आडव्या पट्टीचं टोक उभ्या पट्टीत खोल गेलेलं असतं, तिथे रुंदी कमी केली तरी सांधा टिकतो. नव्या पॅनेल दारांत बऱ्याचदा आत फक्त लाकडी खुंट्या असतात. जास्त कापलं की त्या उघड्या पडतात आणि सांध्यात जीव राहत नाही.

आणि अग्निरोधक दार असेल तर स्वतःच्या मनाने मुळीच कापू नका. जिन्याकडे किंवा गॅरेजकडे उघडणारी दारं अग्निरोधकच हवीत, असा अनेक ठिकाणी नियम असतो. अशा दाराच्या प्रमाणपत्रात किती कापता येईल, कोणत्या बिजागऱ्या लावायच्या, फट किती ठेवायची हे सगळं लिहिलेलं असतं. त्याबाहेर गेलात की ते दार आगीत तेवढा वेळ टिकेल याची खात्री राहत नाही. इथे पैसे वाचवू नका.

५. स्वस्त मार्गापासून सुरुवात करा

दुरुस्ती आणि अदलाबदल जमली नाही तर पुढचा मार्ग जुन्या पल्ल्यांचा. घरं पाडताना निघालेलं लाकूडसामान विकणाऱ्यांकडे, ओळखीच्या सुतारांकडे, घर नव्याने करून घेणाऱ्या लोकांकडे विचारा. यात एक मोठा फायदा आहे. तुमच्या घराच्याच काळातल्या घरातून निघालेली दारं बहुधा त्याच फूट-इंचाच्या हिशेबाने केलेली असतात, त्यामुळे माप जवळचं निघतं आणि जाडी, पॅनेलची ठेवणही जुळते. एकाच इमारतीतून निघालेली तीन-चार दारं मिळाली तर ती एकत्रच घ्या. नंतर तशी पुन्हा मिळत नाहीत.

त्यानंतर मोठं तयार दार घेऊन कापणं. भरीव फ्लश पल्ला यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एकाच मापाचे मोठे पल्ले घेऊन चार वेगवेगळ्या चौकटींत बसवता येतात, आणि सगळी दारं एकसारखी दिसतात.

हाताशी असलेला पल्ला थोडा लहान असेल तर कडपट्टी लावून वाढवता येतो. रुंदी वाढवताना पट्टी शक्यतो कुलपाच्या बाजूला लावा. बिजागरीच्या बाजूला लावली तर दाराचा सगळा भार त्या नव्या सांध्यावर येतो, मग स्क्रू इतके लांब हवेत की ते पट्टी ओलांडून मूळ पल्ल्यात घट्ट जातील. पॅनेलच्या दाराची उंची खालून वाढवली तर नैसर्गिक दिसतं, कारण खालची पट्टी रुंद असतेच. सपाट दाराला वरून पट्टी लावा, तिथे नजर जात नाही आणि पुसण्याचं पाणीही पोचत नाही.

याउलट चौकटच लहान करणं हाही मार्ग आहे, आणि तो फार कमी लोकांना सुचतो. तयार दार चौकटीपेक्षा २० मिमी अरुंद असेल, तर खाचेच्या एका बाजूला सलग लाकडी पट्टी गोंद-स्क्रूने बसवा, पुट्टी भरून घासा आणि रंगवा. रंगानंतर ती चौकटीचाच भाग वाटते. चौकट मोठी करायला मात्र निघू नका. त्यासाठी भिंत फोडावी लागते, वर भार पेलणारी तुळई किंवा लिंटेल असतं, आणि जाणकार माणसाने पाहिल्याशिवाय तिथे हात लावणं धोक्याचं आहे.

काही जागी भिंतीवर रुळात सरकणारं दार बसवता येतं. ते चौकटीच्या बाहेरून येतं, त्यामुळे माप थोडं मोठं असलं तरी बिघडत नाही आणि वाकडी चौकटही झाकली जाते. बाजूला तेवढी मोकळी भिंत मात्र हवी. आवाज आणि वास त्याने नीट अडत नाहीत, म्हणून न्हाणीघराला मी ते सुचवणार नाही.

६. जुना पल्ला घेताना काय पाहायचं

पल्ला उभा भिंतीला टेकवलेला असताना पाहू नका, आडवा करायला सांगा. एका टोकाला खाली बसून कडेच्या रेषेत नजर लावा, बाक असेल तर लगेच कळतो. मग दोन सरळ पट्ट्या पल्ल्यावर आडव्या ठेवा, एक वरच्या टोकाला, एक खालच्या. मागे जाऊन पाहिल्यावर दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. त्या एकमेकींना छेदताना दिसल्या तर पल्ल्याला पीळ आहे. थोडा बाक बिजागरी आणि खाच सांभाळून घेतात, पीळ नाही. पिळलेला पल्ला फुकट मिळाला तरी घेऊ नका.

खालच्या कडेला टोकदार काहीतरी टोचून पाहा. मऊ लागलं की कुजलंय. बारीक भोकांतून ताजी, फिकी भुकटी पडत असेल तर कीड अजून आत आहे आणि ती घरातल्या बाकीच्या लाकडातही शिरेल. बोटाच्या सांध्याने ठोकत जा, पोकळ आवाज आला तिथे वाळवीचा संशय धरा. लोहचुंबक कडेवरून फिरवा, लपलेले खिळे सापडतात. ते न काढता करवत चालवली तर पातं जातं आणि तुकडा डोळ्यांकडे उडू शकतो.

जुन्या रंगाबद्दल गंभीरपणे सांगतो. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, इतरत्र वेगवेगळ्या वर्षी. असा रंग कोरडा घासू नका, ज्योतीने जाळून काढू नका. त्याची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार घातक असते. तपासणीचे किट मिळतात. शंका असेल तर पृष्ठभाग ओला ठेवून घासा, योग्य मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि कचरा बंद पिशवीत भरा. दारावर जुनी, राखाडी, कडक पत्र्यासारखी शीट ठोकलेली असेल तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिला भोक पाडू नका, कापू नका, असं दार तिथेच सोडा.

रंग काढायला काहीजण अख्खं दार कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून देतात. काम झटपट होतं, पण जुन्या सांध्यांतला गोंद सुटतो आणि दार खिळखिळं होऊन परत येतं. वेळ लागला तरी हाताने रंग काढणं बरं.

काचेचा भाग असलेलं दार घेतलं तर साधी काच काढून सुरक्षित काच बसवण्याचा खर्च आधीच धरा.

७. बनवूनच घ्यायचं असेल तर

सगळ्यात मोठा घोळ एका शब्दाचा असतो. तुम्ही दिलेलं माप चौकटीचं आहे की पल्ल्याचं? चौकटीचं माप पल्ल्याचं समजलं गेलं तर दार मोठं होतं, पल्ल्याचं माप चौकटीचं समजून पुन्हा फटी वजा झाल्या तर दार लहान पडतं. कागदावर स्पष्ट लिहा: "पल्ल्याचं तयार माप, फटी वजा केलेल्या आहेत." शक्य असेल तर बनवणाऱ्याला घरी येऊन स्वतः माप घ्यायला सांगा. मग चुकीची जबाबदारीही त्याच्याकडे जाते.

सगळी दारं एकदमच सांगा, एकेक सांगितलं की दर दाराला जास्त पैसे पडतात. भाव विचारताना बिजागऱ्या, कुलूप, कडपट्टी, प्रायमर, वाहतूक आणि बसवणावळ त्यात आहे का ते विचारा, कारण दोन भावांची तुलना एकूण खर्चावरच करता येते.

हे कागद हाताशी ठेवा: मापपत्रकाची प्रत (दोघांच्या सहीची), मापांसकट रेखाचित्र, पावती, तयार दार घेतल्यास परत करण्याच्या अटी आणि कापण्याच्या मर्यादेचं पत्रक, अग्निरोधक दाराचं प्रमाणपत्र. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. घर वारसा यादीत असेल तर आतली दारं बदलायलाही परवानगी लागू शकते, म्हणून जुनं दार काढण्याआधी चौकशी करा.

८. कापणं आणि बसवणं

लागणारी हत्यारं: टेप, गुण्या, पाणसळ, ओळंबा, धारदार रंधा, पटाशी, बारीक दातांची करवत किंवा गाईड लावलेली यंत्रकरवत, क्लॅम्प, ड्रिल, पाचरी, डोळ्यांचा चष्मा, मास्क.

नवा पल्ला घरात आणून निदान दोन-तीन दिवस आडवा, सपाट ठेवा, त्याला त्या हवेची सवय होऊ द्या. जुना पल्ला नवा बसेपर्यंत टाकू नका. दोन्ही शेजारी ठेवून बिजागऱ्यांच्या जागा त्याच्यावरूनच उतरवता येतात.

वाकड्या चौकटीसाठी मोठ्या पुठ्ठ्याचा साचा करा. पुठ्ठा चौकटीत धरा, कडेकडेने पेन्सिल फिरवा आणि कापून पाहा. पुठ्ठा चुकला तर काही बिघडत नाही. मग तो पल्ल्यावर ठेवून फटी आत घेत रेघ आखा.

रेघेवर आधी धारदार सुरीने खोल चीर द्या, म्हणजे वरचा पातळ थर फाटत नाही. हातातल्या यंत्रकरवतीचं पातं खालून वर कापत येतं, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. रेघेच्या २ मिमी बाहेरून कापा, उरलेलं रंध्याने उतरवा. वरच्या-खालच्या कडेला रंधा मारताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, सलग पलीकडे गेलात की टोकाचा लचका निघतो. कुलपाच्या बाजूच्या कडेला दोन-तीन अंशांचा उतार द्या, नाहीतर दार मिटताना ती कड चौकटीला अडते.

पाचरींवर पल्ला उभा करून फटी बघा. आम्ही तीन मिलिमीटर जाडीचा प्लायचा तुकडा सगळ्या फटींतून फिरवायचो, जिथे अडकला तिथे पेन्सिलीची खूण आणि पुन्हा रंधा. एका दाराला हे सहा वेळा केलं. घाई केलीत तर फट मोठी होते, आणि कमी झालेलं लाकूड परत येत नाही.

भरीव दाराला तीन बिजागऱ्या लावा.

९. सहाही बाजू बंद करा

लाकूड ओलावा घेतं आणि सोडतं, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, सर्वांत जास्त फुगतं. रंगारी समोरची आणि मागची बाजू रंगवून मोकळा होतो. वरची आणि खालची कड उघडीच राहते आणि ओल तिथूनच शिरते. अनेक उत्पादक त्या कडा बंद केल्या नसतील तर दाराची हमीही नाकारतात. म्हणून पल्ला बसवून, फटी जुळवून, पुन्हा उतरवा आणि सहाही बाजूंना प्रायमर आणि रंग लावा. रंगाचा थर धरून फट थोडी जास्तच ठेवलेली बरी.

दमट दिवसांत दार अडकायला लागलं तर लगेच रंधा मारू नका, कोरडे दिवस आले की तीच जागा फट होते. एक अख्खं वर्ष जाऊ द्या, तोवर बिजागऱ्यांचे स्क्रू दोनदा आवळा. वरच्या कडेला शेवटचा हात देण्याआधी तिथे पेन्सिलीने खोलीचं नाव, पल्ल्याचं माप आणि बसवल्याचं वर्ष मी लिहून ठेवतो. पुढे हे दार जो कुणी उतरवेल, त्याला ते माप तिथेच मिळेल.